पाण्याचे दोन डबे

आमच्या सातपूरच्या दोन खोल्यांत उन्हाळा लागला की चिंचेचा वास सुटायचा, आणि तो आमटीचा नसायचा. नाना, म्हणजे माझे वडील, मोरीपाशी पाटावर बसून पातेल्यात चिंच कोळत असायचे. ते आंबट पाणी फडक्यातून दोनदा गाळलं जायचं आणि बाहेर कडुनिंबाखाली उभ्या असलेल्या गाडीच्या रेडिएटरात जायचं. रेडिएटर म्हणजे गाडीच्या नाकाशी असते ती जाळी. इंजिनातून तापून आलेलं पाणी तिच्या बारीक नळ्यांतून फिरतं, वाऱ्यानं निवतं आणि परत इंजिनात जातं. आमच्या कॉलनीच्या टाकीत बोअरचं पाणी यायचं, त्यानं नळ्यांत क्षार साठायचे. चिंचेची युक्ती आईची. तिनं एकदा सहज म्हटलं होतं की तांब्याचा हंडा चिंचेनं निघतो, तर तुमची ती जाळी का निघू नये. नाना हसले होते. पण पुढच्या रविवारी त्यांनी करून पाहिलं, आणि नळ्यांतून जो पांढुरका गाळ निघाला तो बशीत घेऊन शेजारच्या चार घरांत दाखवून आणला. त्यानंतर आमच्या घरी वर्षाची चिंच वर्षभर कधी पुरली नाही.

नाना कारखान्यात फिटर होते आणि सायकलनं कामावर जात. गाडी घरी आल्यावरही सायकलनंच जात. गंगापूर रोडला एका म्हाताऱ्या डॉक्टरांचा बंगला होता, तिथं ही गाडी ताडपत्रीखाली उभी असायची. इंग्लंडात बनलेली, दोनच सीटांची, काळपट हिरवी, नाक लांबलचक आणि बसायची जागा जमिनीपासून वीतभर उंच. वरचं कापडी छत मागं दुमडलं की उघडी. डॉक्टरांनी तरुणपणी ती हौसेनं पळवली, मग त्यांचे गुडघे गेले. नाना कितीतरी वर्षं रविवारी जाऊन तिची देखभाल करायचे, बदल्यात काही घ्यायचे नाहीत, फक्त शेवटी एक चक्कर मारायचे. डॉक्टर वारल्यावर त्यांच्या पत्नीनं नानांना बोलावून किल्ली हातात दिली. तुमच्याशिवाय ती कुणाचं ऐकत नाही, घेऊन जा, म्हणाल्या. त्या दिवशी संध्याकाळी नाना आमच्या कॉलनीत शिरले तेव्हा सगळी पोरं मागं पळत होती आणि आई दारात हात कपाळाला लावून उभी होती. आता हिला कुठं निजवायची, एवढंच ती बोलली.

गाडी थंड देशातली. तिथं म्हणे माणसं तिच्यात बसून कुडकुडतात, म्हणून तिच्यात पायांवर गरम हवा सोडणारं एक यंत्रही होतं. आमच्या वैशाखात ती पळत असली की ठीक, थांबली की तापायची. नाना नेहमी सांगायचे, गाडी उन्हानं तापत नाही, थांबण्यानं तापते. पळताना समोरून वारा येतो आणि जाळी निवते. सिग्नलला, बैलगाडीच्या मागं, रेल्वे फाटकात वारा बंद होतो आणि मग सगळा भार त्या एवढ्याशा पंख्यावर. त्यासाठी त्यांनी काय काय केलं होतं. तुपाचा पत्र्याचा डबा कापून पंख्याभोवती कडं बसवलं होतं, म्हणजे पंख्यानं ओढलेली हवा बाजूनं न निसटता जाळीतूनच येईल. रेडिएटरात साधं पाणी कधी घालायचे नाहीत. ते उकळून, निववून, वरचं नितळ तेवढं घ्यायचं. इंजिनाची गरमी दाखवणारा काटा अगदीच वर चढला तर ते पायावरची गरम हवा सुरू करायचे. पहिल्यांदा त्यांनी मे महिन्यात ते केलं तेव्हा मी ओरडलेच होते. नानांनी समजावलं की इंजिनाची गरमी कुठूनतरी बाहेर काढायची आहे, आपल्या पायांवरून गेली तर गेली.

पाणी उकळायचं म्हणजे स्टोव्ह तासभर अडायचा, त्यावरून आई कुरकुर करायची. उन्हाळ्यात तिची स्वतःची कामं असायची. अंगणात बाजेवर जुनं लुगडं पसरून कुरडया घातलेल्या असायच्या, पापडाचं पीठ तिंबायचं असायचं, आणि त्या सगळ्याच्या मध्ये गाडीच्या पाण्याचं पातेलं. निवलेलं पाणी नाना दोन डब्यांत भरायचे. शेंगतेलाचे पत्र्याचे डबे राखेनं घासून घेतलेले, वर त्यांनी स्वतः डाग देऊन बसवलेल्या कड्या, आणि तोंडाला कापड गुंडाळलेलं लाकडी बूच. लांब जायचं असेल तर हे दोन डबे सीटमागच्या अरुंद जागेत ठेवल्याशिवाय ते गाडी सुरू करत नसत. ते पाणी फक्त आत घालायला नव्हतं. गाडी तापायला लागली की जाळीवर बाहेरून थोडंथोडं शिंपडायचं, म्हणजे झाकण न उघडता, इंजिन बंद न करता काटा खाली येतो. तापलेल्या रेडिएटरचं झाकण उघडणाऱ्याचं तोंड भाजतं, हे त्यांनी मला चालवायला शिकवलं त्याच दिवशी सांगितलं होतं. हो, मी ती गाडी चालवत असे. अठरा वर्षांची मुलगी, ओढणी गळ्याभोवती गच्च बांधून, नाना शेजारी, सकाळी सहाला त्र्यंबक रोडवर. तेवढ्या एका गोष्टीमुळं मला स्वतःबद्दल फार मोठं काही वाटायचं.

भास्कर माझा चुलतभाऊ, नानांच्या थोरल्या भावाचा मुलगा. थोरल्या काकांना आम्ही आबा म्हणत असू. चांदवडच्या पुढं हायवे सोडून आत गेलं की आमचं गाव. त्याचं नाव मी इथं लिहीत नाही, कारण त्या गावात आता वेगळी माणसं राहतात आणि त्यातली काही माझ्या ओळखीची आहेत. भास्कर गावातला आमच्या वस्तीतला पहिला मास्तर. त्याचं लग्न ठरलं आणि आबा आमच्याकडं आले. दोघं भाऊ बाहेर बाजेवर बसून बोलत होते. मी आतून ऐकत होते, पण मला सगळं कळत नव्हतं. गावात वस्ती ओढ्याच्या अलीकडं, गाव ओढ्याच्या पलीकडं. वरात वरच्या गल्लीतून चावडीपुढून जायची. आमच्यातला नवरदेव घोड्यावर असो की बैलगाडीत, चावडीच्या अलीकडं खाली उतरायचा, चालत पुढं जायचा, मग परत बसायचा. कुणी कुणाला सांगत नव्हतं, पण उतरायचा. आमच्या माणसांनी धर्म बदलला, गावकीची कामं सोडली, तरी हे राहिलंच होतं. आबांचं म्हणणं, रात्री काढू वरात, कुणाचं लक्ष जात नाही. नाना बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, दिवसा काढायची, आणि माझ्या गाडीतून काढायची.

आबा गेल्यावर आईनं त्यांना विचारलं की एवढा हट्ट कशाला. तेव्हा नाना जे बोलले ते मी तोवर कधी ऐकलं नव्हतं. ते म्हणाले, "माझ्या लग्नात मी उतरलो होतो. तू पाहिलंस. तू बैलगाडीत बसून होतीस आणि मी खालून चालत होतो." आई कुरडया उलट्या करायला बाहेर गेली.

लग्नाच्या आदल्या दिवशी आई एसटीनं पुढं गेली. मला टायपिंगची परीक्षा होती म्हणून मी नानांबरोबर गाडीनं यायचं ठरलं. लग्नाच्या दिवशी पहाटे उठून नानांनी दोन्ही डबे सीटमागं ठेवले. माझ्याकडं रेक्झिनची मोठी बॅग होती, तिच्यात आहेराच्या साड्या आणि माझी नवी नायलॉनची साडी, इस्त्री करून खोक्यात घातलेली. गाडीची डिकी सुट्या चाकानं भरलेली. नाना म्हणाले, बॅग मांडीवर घेऊन बस. आणि ते घराची दुसरी किल्ली शेजारी द्यायला गेले, दार अजून उघडंच होतं. मी ती बॅग मांडीवर घेऊन पाहिली. हनुवटीपर्यंत आली. आडगाव नाक्यावरून, पिंपळगावातून मी अशी जाणार, बाजाराला निघालेल्या बाईसारखी, असं मनात आलं. पंचवटीत माझ्या वर्गातल्या दोन मुली राहायच्या. मी खाली उतरले, दोन्ही डबे उचलून मोरीच्या दारामागं ठेवले, बॅग सीटमागं सारली आणि वर माझी शाल टाकली. नाना परत आले तेव्हा शालीखाली डब्यांशेजारी बॅगही बसली असं त्यांना वाटलं असावं, त्यांनी विचारलं नाही. मनाशी म्हटलं, पाणी काय, पाणी कुठंही मिळतं. मला तेव्हा खरंच तसं वाटत होतं. नळाच्या घरात वाढलेली मुलगी मी. पाणी मागावं लागतं, आणि मागितल्यावर ते कसं दिलं जातं, हे नानांनी मला कधी सांगितलं नव्हतं. सांगितलं नाही ते मला त्याची झळ लागू नये म्हणून, हे आज कळतं.

तो प्रवास माझ्या आयुष्यातल्या सुंदर प्रवासांपैकी एक होता, हेही लिहायला हवं. थंड हवा, ओझरच्या पुढं उजाडलेलं, दोन्ही बाजूंना छाटलेल्या द्राक्षांच्या बागा आणि वाऱ्यावर कांद्याचा वास. नाना गुणगुणत होते. पिंपळगावला आम्ही चहाला थांबलो. नानांनी गाडीचं नाक उघडून पाहिलं, हात फिरवला, समाधानानं बंद केलं. हॉटेलच्या दारात नळ वाहत होता. नाना त्याच्याकडं पाहून म्हणाले, इथलं पाणी बरं दिसतंय, पण आपलं उकळलेलं आहेच. मी बशीत चहा ओतत होते. तिथं सांगितलं असतं तर ते रागावले असते, दोन जुने डबे हॉटेलवाल्याकडून घेतले असते, भरले असते, आणि दहा मिनिटांत आम्ही निघालो असतो. मी चहा प्याले.

लग्न दुपारी लागलं. वंदना झाली, आबांनी सगळ्यांना आग्रह करकरून बुंदी वाढली, बायकांनी मला माझ्या साडीबद्दल विचारलं. वस्तीतल्या तरुणांनी गाडी सजवली. मी माझी बॅग आधीच काढून घेतली होती. त्या रिकाम्या जागेवर त्यांनी सतरंजी घातली, दुमडलेल्या छतावर गादी ठेवली, कागदी माळा सोडल्या. नवरानवरी त्या गादीवर उंच बसणार होती, पाय पुढच्या सीटवर. नानांनी वस्तीच्या आडावरून तांब्याभर पाणी आणवून रेडिएटर काठोकाठ भरला आणि झाकण लावलं. सतरंजीखाली त्यांनी पाहिलं नाही. पाहण्याचं कारण नव्हतं, डबे त्यांनी स्वतःच्या हातानं ठेवले होते.

चारच्या उन्हात वरात निघाली. पुढं चांदवडचा बँड, मग नाचणारी पोरं, मग गाडी, मागं बायका. मी गाडीच्या कडेनं नानांच्या बाजूला चालत होते. बँडच्या चालीनं गाडी म्हणजे माणसापेक्षा सावकाश. ओढा ओलांडून गल्लीत शिरलो आणि दोन्हीकडच्या ओट्यांवर माणसं बसलेली दिसली. कुणी काही बोलत नव्हतं. भास्कर ताठ बसला होता. त्याची बायको, नवी वहिनी, मनमाडची, तिला हे सगळं कितपत ठाऊक होतं कुणास ठाऊक, तीही मान खाली न घालता बसली होती. मला काटा दिसत होता. तो मधल्या खुणेवरून सरकला. नानांनी डावा हात मागं नेला, सतरंजीखाली घातला आणि चाचपला. एकदा या टोकाला, एकदा त्या टोकाला. मग परत पहिल्या टोकाला. नजर पुढं रस्त्यावर, आणि हात मागं एकटाच शोधतोय. तो हात मी किती वेळा आठवला असेल. मग त्यांनी तो पुढं आणून स्टिअरिंगवर ठेवला आणि माझ्याकडं पाहिलं सुद्धा नाही. त्यांना माझा संशयच आला नाही.

त्यांनी पायावरची गरम हवा सुरू केली. वहिनीनं दचकून पाय वर घेतले. नानांनी एका पोराला हळूच सांगून वस्तीवर पाण्यासाठी पिटाळलं, पण ओढ्यापलीकडं जाऊन, आडातून शेंदून, गर्दीतून परत यायचं म्हणजे वेळ लागणार. बँडवाल्यांना भराभर चालायला सांगा म्हणून निरोप दिला, पण पुढं नाचणारे ऐकत नव्हते. चावडी तीस-चाळीस पावलांवर असताना गाडीच्या नाकातून वाफ निघाली. आधी बारीक, मग भसकन. नानांनी इंजिन बंद केलं. बँड एकेक वाजंत्री करत थांबला.

ओट्यावरून एक म्हातारा म्हणाला, दम लागला काय रं गाडीला. त्यावर चार-दोन जण हसले. दुसरा म्हणाला, "पानी पाजा तिला. मागा की पानी, नाय कोन म्हनतंय?" ते काही मोठ्यानं किंवा रागानं म्हटलेलं नव्हतं. पण आमच्या मागच्या बायकांची कुजबुज एकदम थांबली. नाना स्टिअरिंग धरून पुढं पाहत बसले होते.

मला वाटलं, माणूस पाणी देतो म्हणतोय आणि नाना मागत का नाहीत. आणि मला घाई होती, माझं केलेलं मला भरून काढायचं होतं. मी सरळ तिसऱ्या घराच्या ओट्यावर चढले. दारात एक बाई उभी होती, आईच्या वयाची. तिला म्हटलं, मावशी, थोडं पाणी द्या, गाडीला हवंय. ती माझ्याकडं, माझ्या साडीकडं पाहत राहिली. भांडं कुठाय, तिनं विचारलं. मी म्हटलं, तुमचंच द्या, लगेच आणून देते. ती घरात न जाता कडेच्या गोठ्यात गेली आणि एक गंजका पत्र्याचा डबा घेऊन आली. तो तिनं ओट्याखाली जमिनीवर ठेवला, मला खाली उतरायला सांगितलं, आणि आतून हंडा आणून वरून, कंबरेइतक्या उंचीवरून, त्यात पाणी ओतलं. पाणी माझ्या निऱ्यांवर उडालं. मग ती हलक्या आवाजात म्हणाली, "तू नाशिकची दिसतीस, बाई. डबा परत आनू नको. ऱ्हाऊ दे तुमच्याकडंच."

तिच्या आवाजात तुच्छता नव्हती, उलट ती ओशाळलेली होती. पण मला तेवढ्यात सगळं कळलं. नाना अंगणात बसून कधीच ओंजळीनं पाणी का पीत नाहीत, उन्हातान्हात आले तरी आधी पेला का मागतात, आबांशी बोलताना एवढा वेळ गप्प का होते, सगळं एकदम. मी तो डबा घेऊन गाडीपाशी आले. नानांनी डब्याकडं पाहिलं, मग माझ्या भिजलेल्या निऱ्यांकडं. कुठून आणलंस, असं त्यांनी विचारलं नाही. त्यांना विचारायची गरज नव्हती.

"तापलेल्या इंजिनात गार पाणी घालत नाहीत," ते म्हणाले. "फुटतं. खाली ठेव ते."

ते खरंच होतं, इंजिन फुटतं. आणि बाहेरून जाळीवर शिंपडता आलं असतं हेही खरं होतं, ते मला त्यांनीच शिकवलं होतं. मी डबा रस्त्याच्या कडेला ठेवला. त्यांनी गाडी न्यूट्रलमध्ये टाकली आणि मागच्या पोरांना ढकलायला सांगितलं. भास्कर वरून उतरायला लागला. तेवढं वजन कमी होईल, मीही हात लावतो, असं त्याच्या मनात असावं. नानांनी वळून त्याचा पाय धरला.

"तू उतरायचं नाही."

"नाना, गाडी बंद पडलीय."

"पडू दे. तू बसून राहा."

बँडवाल्यांना वाजवायला सांगितलं. त्यांनी चुकीच्याच जागेपासून गाणं सुरू केलं. आबा, वस्तीतली पोरं, दोन म्हातारेही मागून रेटायला लागले, आणि वाफ सोडत, तोंडातून शब्द न काढणारी ती गाडी चावडीपुढून गेली. मी एका बाजूनं ढकलत होते. माझं डोकं खाली होतं, त्यामुळं ओट्यांवर कोण हसलं, कोण गप्प राहिलं, मला माहीत नाही. आबा पुढं नेहमी सांगायचे की वरात गेली, आणि नवरदेव उतरला नाही, बाकी काही मोजायचं नाही. त्यांचं बरोबरच होतं. दोन वर्षांनी वस्तीतला दुसरा नवरदेव ट्रॅक्टरवरून त्याच गल्लीतून गेला, तोही उतरला नाही, आणि कुणाला त्याचं नवल वाटलं नाही. पण भास्करला गावात ढकलमास्तर हे नाव पडलं. शाळेतली पोरंही मागून म्हणायची. शेवटी त्यानं मालेगावकडं बदली मागून घेतली.

दुसऱ्या दिवशी आम्ही गाडीनं आणि आई एसटीनं परतलो. इंजिन वाचलं होतं. आई आमच्या आधी पोचली होती. आम्ही दारात आलो तर ती मोरीतून बाहेर येत म्हणाली, "अहो, पाण्याचे डबे इथंच विसरलात की. मोरीच्या दारामागं आहेत."

नाना आत गेले. मी उंबऱ्यातून पाहत होते. दोन्ही डब्यांपुढं ते उभे राहिले. एक उचलून पाहिला, भरलेला होता. "मी ठेवले होते," ते आपल्याशीच बोलल्यासारखे म्हणाले. "ठेवले होते असं मला वाटतं." मग माझ्याकडं वळून, अगदी साध्या आवाजात, "शोभा, मी ठेवले होते का गं?"

मी म्हटलं, "मला नाही आठवत, नाना."

हे वाक्य मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्यालाही नाही. डबे काढले ती पोरबुद्धी होती, तिची मी स्वतःला केव्हाच माफी दिली. या वाक्याची नाही.

त्यानंतर नानांच्या खिशात एक छोटी वही आली. कामावर जाताना, बाजारात जाताना, ते त्यात लिहायचे आणि एकेक झालं की रेघ मारायचे. स्टोव्ह बंद केला का ते दोनदा पाहायचे, कुलूप ओढून पाहायचे, कोपऱ्यापर्यंत जाऊन परत यायचे. ज्या माणसाच्या हाताखाली शिकलेले लोक सांगायचे की त्याला डोळे बांधून नट दिला तरी कुठल्या मशीनचा ते सांगेल, तो माणूस स्वतःच्या हातावर विश्वास ठेवेनासा झाला. वर्षाभरानं कारखान्यात त्यांना मुख्य फिटर करायचं ठरलं. साहेब स्वतः घरी आले होते, आईनं पोहे केले होते. नानांनी नाही म्हणून सांगितलं. दहा माणसांच्या जिवाचं काम आहे, म्हणाले, आणि माझं लक्ष आता पूर्वीसारखं राहिलेलं नाही. साहेबांनी समजूत घातली, आई रागावली. मी खोलीतच होते, पोह्यांच्या बशा उचलत होते. एक वाक्य बोलले असते तरी पुरलं असतं. बशा घेऊन मी मोरीत गेले आणि नळ सोडला.

गाडी त्यांनी फारशी बाहेर काढली नाही. माझं लग्न झालं त्या सुमारास मुंबईचे एक हौशी गृहस्थ येऊन घेऊन गेले. त्यांना नानांनी कडुनिंबाखाली उभं करून तासभर सगळं समजावलं. चिंचेचं पाणी किती दाट करायचं, पंख्याचं कडं हलू द्यायचं नाही, घाटात काय, गर्दीत काय. आणि शेवटी म्हणाले, पाण्याचे डबे निघताना उघड्या डोळ्यांनी पाहून घ्या, मी एकदा विसरलो होतो. ते गृहस्थ हसून म्हणाले, होतं असं कधीकधी. नाना म्हणाले, नाही, माझ्याकडून व्हायला नको होतं.

मनात मी ठरवत असे. पुढच्या दिवाळीला सांगेन. त्यांना बरं वाटलं की सांगेन. आई गेल्यावर तर कुणाची आडकाठीही उरली नव्हती. पण जितकी वर्षं जात होती तितकं ते सांगणं अवघड होत होतं, कारण आता डब्यांचं नुसतं सांगून भागणार नव्हतं. वहीचं, नाकारलेल्या जागेचं, सगळ्याचं सांगावं लागलं असतं. मग म्हातारपणी त्यांना खरोखरच विसर पडायला लागला. आधी नावं, मग दिवस. डॉक्टरांना ते स्वतःच सांगायचे की माझं हे फार जुनं आहे, पुतण्याच्या लग्नापासूनचं.

शेवटची तीन वर्षं ते माझ्याकडं, इंदिरानगरला होते. मला ओळखत नव्हते, पण माझ्याशी फार अदबीनं वागत. ताई म्हणत. एका दुपारी मी त्यांना जेवू घातलं, तोंड पुसलं, आणि खुर्ची ओढून त्यांच्यासमोर बसले. सगळं सांगितलं. बॅगेपासून सुरू केलं. पिंपळगावचा नळ, सतरंजी, ती बाई, मोरीचं दार, मी बोललेलं वाक्य, साहेब घरी आले तो दिवस. नाना नीट ऐकत होते, पाहुण्याचं ऐकतात तसं, मधूनमधून मान हलवत. माझं संपल्यावर त्यांनी थोडा विचार केला.

"मग सांगून टाका त्यांना," ते म्हणाले. "वडील आहेत. रागावतील जरा, मग काही नाही."

मी हो म्हटलं.

"असतात कुठं तुमचे वडील?"

"इथंच," मी म्हटलं. "नाशिकलाच असतात."

"मग उशीर नका करू," नाना म्हणाले.